चारचा चार

कुणी माझ्यासमोर नुसता आकडा उच्चारला की माझं डोकं फिरतं. दुकानात "दोन द्या" म्हणणारी माणसं एक वेळ चालतात, कारण दुकानदार समोर उभा असतो आणि वाटलं तर तो विचारतो, दोन कसले. पण न विचारता कुणीतरी गुपचूप घेऊन टाकलेला आकडा मला सहन होत नाही. घरातले माझी टिंगल करतात. नवरा म्हणतो, हिला जेवायला किती माणसं आहेत एवढं सांगितलं तर ही उलटतपासणी घेते. घेते. मोठी किती, लहान किती, उपासाची किती, हे कळल्याशिवाय तांदूळ किती धुवायचे?

हा स्वभाव जन्माचा नाही. नोकरीत जडला.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी चौक गावाच्या पुढे, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगतच्या एका कारखान्यात होते. घर कर्जतला. सकाळी एसटीने चौक गाठायचं, आणि तिथून गॅरेजांच्या रांगेसमोर उभं राहून मिळेल त्या टेंपोने कारखाना. मी संख्याशास्त्राची पदवी घेतली होती, वर मुंबईला जाऊन संगणकाचा एक अभ्यासक्रम केला होता, आणि त्या जोरावर मला कारखान्याच्या संगणक खोलीत घेतलं होतं. चपला बाहेर काढून आत जायचं. बाहेर अंगाची लाही होत असताना आत यंत्रासाठी सोडलेल्या गार हवेत मी शाल पांघरून बसायची. आईला हे सांगितलं तेव्हा तिला वाटलं मला ताप येतोय.

खोलीचे प्रमुख आमचे साहेब. पन्नाशीचे, हुशार, चहाबाज, आणि आपल्या कामावर जीव असलेला माणूस. कारखान्याने तेव्हा कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या डोंगराकडच्या काही वाड्या आरोग्यासाठी दत्तक घेतल्या होत्या. लसी, बाळंतपणं, कुटुंबनियोजन, सगळं. वाडीवाडीतून माहितीचे कागद भरून यायचे आणि ते आम्ही यंत्रात घालायचो.

यंत्राशी बोलायची भाषा होती एसक्यूएल. तिच्यात माहिती तक्त्यांमध्ये राहते, आणि तक्त्याच्या कुठल्या रकान्यात काय येणार, आकडा, अक्षरं की तारीख, ते आधी सांगून ठेवावं लागतं. साहेबांचं एवढ्यावर समाधान होत नव्हतं. म्हणायचे, "तान्ह्याचं वजन तीन, आणि आईची बाळंतपणं तीन. या गाढवाला दोन्ही सारखेच." गाढव म्हणजे यंत्र. मग त्यांनी स्वतःचे प्रकार घडवले. आमच्या यंत्रात तशी मुभा होती. वजनाचा एक प्रकार, वयाचा एक, हयात मुलांचा एक. प्रत्येकाचे नियम वेगळे. एकाच्या जागी दुसरा घुसवायला गेलं की यंत्र अडून बसायचं. कितीतरी दिवस खपून त्यांनी हे केलं होतं आणि मला त्याचं मनापासून कौतुक वाटलं होतं.

कुरकुर सुरू केली माहिती भरणाऱ्या मुलींनी. आता नुसता चार लिहून भागेना. चार लिहिला की यंत्र अडायचं; चार म्हणजे हयात मुलं, असा प्रकारही लिहिल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. कागदांचे गठ्ठे साचायला लागले. वरून विचारणा झाली. साहेबांनी एक दिवस दुपारभर डोकं खाली घालून काम केलं आणि सोय करून दिली. यापुढे नुसता आकडा आला, तर तो ज्या रकान्यात आला त्याच प्रकारचा आहे असं यंत्राने आपलं आपण धरायचं. बोलायचं नाही, विचारायचं नाही.

मुली खूश झाल्या. मी भांडले.

"साहेब, पुढच्या दाराला कडी लावलीत आणि मागचं दार सताड उघडं ठेवलंत."

"अगं, चारचा चारच होतोय ना? पाच तर होत नाही! बिघडतंय काय?"

मी आणखीच चिडले. माझ्या डब्यातलं थालीपीठ त्यांना फार आवडायचं. त्या आठवड्यात मी ते दिलं नाही.

आता दुसऱ्या बाईबद्दल सांगते. आमच्याकडे कर्जतला एक मोळीवाली यायची. पळसदरीच्या वर डोंगरात ठाकर आदिवासींची एक वाडी आहे, तिथली. बाजाराच्या दिवशी डोक्यावर मोळी घेऊन खाली उतरायची, आणि दिवसांप्रमाणे सोबत रानातलं काहीबाही असायचं, कधी शेवळं, कधी कंटोळी, कधी आवळे. मोळी परसात टाकून मागच्या पायरीवर बसायची आणि आईच्या हातचा चहा पिऊन जायची. आई आणि ती तासन्‌तास बोलायच्या. बोलायची आईच जास्त, ती ऐकायची. माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठी असेल, पण मी तिला लहानपणापासून मावशी म्हणायची, आणि ती मला बाय.

तिची तीन मुलं गेली होती. एक तापाने, एक जन्मल्यावर लगेच, आणि मधला मुलगा चांगला धावतापळता असताना ओढ्याच्या पुरात. त्या वेळी ती बरेच बाजार आलीच नव्हती. मग एकदा आली, नेहमीसारखी मोळी टाकली, पायरीवर बसली, आणि आईने विचारल्यावर एवढंच म्हणाली, "पानी लय आलं." आई पदर तोंडाला लावून आत गेली. मला मात्र राग आला होता. कुणाचा ते अजूनही सांगता येणार नाही, पण भांडी आपटण्याइतका राग आला होता.

एक मुलगी तेवढी राहिली होती. माझे जुने फ्रॉक तिला जायचे. आणि मावशीला आणखी एक मूल हवं होतं. त्यासाठी तिचं देवाला बोलून झालं होतं, जाणत्याकडून झाडपाला घेऊन झाला होता. ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी तिने आईला विचारलं, डाक्टरकडं यावर काय आवशिद असतं का? आईने तिला समजावलं, आमच्या हिच्या कारखान्याची जीप तुमच्या वाडीत येते, त्या लोकांना सांग, ते दवाखान्यात नेतील. आईने चांगल्या मनानेच सांगितलं.

दिवाळी झाली आणि कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेच्या शिबिराची तयारी सुरू झाली. ज्या बायकांना तीनपेक्षा जास्त हयात मुलं आहेत त्यांची नावं काढायची, असं वरून आलं. साहेबांनी यंत्राला तसा प्रश्न घातला. प्रिंटर करकरत कागद ओकू लागला आणि मी उभ्या उभ्या तो वाचू लागले. एरवी मी वाचत नसे, घडी करून देत असे. पळसदरीच्या वरच्या त्या वाडीचं नाव दिसलं म्हणून थांबले. मावशीचं नाव होतं, पुढे नवऱ्याचं. हयात मुलं, चार.

मी कागद साहेबांच्या पुढ्यात टाकला. "हे चुकलंय."

त्यांनी गठ्ठ्यातून वाडीचा मूळ कागद काढला. त्यावर छापलेलं होतं, 'मुले', आणि पुढे पेनाने लिहिलेलं होतं, ४. "कागदावर चार, यंत्रात चार. चुकलं कुठे?"

"तिची तीन गेलीत साहेब. एक आहे."

साहेबांनी कागद जवळ ओढला. तो माणूस वाईट नव्हता, हे मला इथे सांगायलाच हवं. त्यांनी मला खोटं पाडलं नाही, की कागद भरणाऱ्यावर ढकललं नाही. त्यांनी विचारलं, "अशा आणखी किती असतील?"

आम्ही दोघांनी मिळून सगळा गठ्ठा उलटापालटा केला. सगळीकडे तेच, 'मुले', आणि पुढे आकडा. कुणाची तिन्ही घरात खेळत होती आणि कुणाची तिन्ही मातीत होती, ते कागदावरून कळायला काही मार्ग नव्हता. यंत्राने पूर्वीसारखं अडवलं असतं तर भरणाऱ्या मुलीला कुणाला तरी विचारावं लागलं असतं. आता कुणीच कुणाला विचारलं नव्हतं. यंत्राने सगळे आकडे घेतले होते आणि सगळ्या मुलांना जिवंत करून टाकलं होतं.

साहेबांनी शिबिराच्या डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून सांगण्यात आलं की बायका आपल्या पायांनी जीपमध्ये चढतात, अंगठा देतात, कुणाला ओढून आणत नाहीत. जीप परवा जाणार आहे. साहेबांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "तू उद्या सुट्टी घे." मी घेणारच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पळसदरी स्टेशनावर उतरले. तिथे आरोग्यसेवक मला भेटला. हाच वाड्यांतून कागद भरून आणायचा. कडाव गावाकडचा, भातशेती असलेला, दोन मुलांचा बाप. मी त्याला बोलावलंच होतं. धरणाच्या बाजूने वर चढताना मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. त्याने ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "ताई, मी इचारलं, पोरं किती. ती बोलली चार. मी काय मनाचं लिवलं का? आमच्याकडं कुनी बाई गेलेलं पोर मोजत नाय. मला काय म्हायती इथं मोजतात?"

त्याचंही खरं होतं.

वाडीत मावशीचं घर टोकाला. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेल्या. अंगणात नाचणीची कणसं वाळत होती आणि तिची मुलगी काठी घेऊन कोंबड्यांवर नजर ठेवून होती. अंगात माझा निळा फ्रॉक. मला पाहून मावशी हरखली. तिने घोंगडी अंथरली, पाणी दिलं आणि विचारलं, "तू आलीस व्हय गं मला न्यायला? मला वाटलं जीप उद्या येतेय."

"मावशी, जीप तुला कशाला नेणार आहे, माहीत आहे का?"

"पोटाचं बघायला. आईनी सांगितलं न्हवं का? मी जीपवाल्यांना बोल्ले, मला पोर पायजे. ते बोलले, चल दवाखान्यात."

मी आरोग्यसेवकाकडे पाहिलं. तो मान खाली घालून म्हणाला, ते जीपवाले दुसरे, आपल्याला ठाऊक नाही. मी तिला सगळं सांगितलं. ही शस्त्रक्रिया कसली, ती झाली की पुन्हा कधीच मूल होणार नाही, आणि तुझं नाव त्यात कसं आलं. सांगताना माझा आवाज चढत होता, जणू चूक तिचीच होती. तिने मुलीला कोंबड्यांकडून बोलावून आपल्याजवळ बसवलं आणि तिचा हात घट्ट धरून ठेवला.

"पन माजंच नाव का?"

"तू चार मुलं सांगितलीस म्हणून."

"मंग, चारच हायेत ना?"

मग तिने मला सांगितलं. नवी नाचणी घरात आली की त्यांच्याकडे पहिला घास पळसाच्या पानांवर मांडतात. आई आपल्या प्रत्येक पोराचं एक पान मांडते. गेलेल्यांचंसुद्धा. घरातली पोरं आपलं पान खातात, गेलेल्यांचं पान उचलून झाडाखाली ठेवायचं. त्या वर्षीही तिने चार मांडली होती, थोड्याच दिवसांपूर्वी. कुणी पोरं किती विचारलं तर ती तेवढंच सांगणार. कमी सांगितलं तर ज्याचं पान राहिलं ते पोर रुसेल, असं तिला वाटत होतं. आरोग्यसेवकाने हळूच टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

मी म्हटलं, "मावशी, घाबरू नकोस. उद्या जीप आली तर चढू नकोस. आणि मी आजच्या आज जाऊन तुझा आकडा बदलते. चारचा एक करते. मग तुझं नाव कशातच येणार नाही. डॉक्टरकडे मी स्वतः नेईन तुला, खऱ्या औषधाला."

"एक?"

"हो. एक लिहिला की सुटलीस."

"आनि बाकीची कुटं लिवशील?"

"त्यांना लिहायला जागा नाही गं. तिथे फक्त जिवंत मुलं लिहायची."

तिला यंत्र म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी एकदा आईसमोर सांगितलेलं तिने ऐकलं होतं, थंड खोलीतली पेटी, तिच्यात सगळ्या माणसांची नावं असतात, एवढंच.

"मंग आतापातूर ती पेटीत व्हती? तिगं?"

"होती."

"जिती?"

खोटं बोलावंसं वाटलं. बोलता आलं नाही. "हो. यंत्राने त्यांना जिवंतच धरलं होतं."

तिचा चेहरा असा उजळला की मी दुसरीकडे पाहिलं. तिने मुलीला सांगितलं, "ऐकलंस का गं, तुजा भाव तितं हाय." मग माझ्याकडे वळून, अगदी साधेपणाने, पाणी मागावं तसं ती म्हणाली, "मंग ऱ्हाऊ दे की गं बाय. तुला काय तरास हाय त्यांचा?"

मी तिला पुन्हा समजावलं. ती तिघं तिथे राहिली तर जीपवाले पुन्हा येतील. या खेपेला नाही तर पुढच्या खेपेला, आणि मी काय दर वेळी डोंगर चढून येणार आहे? आरोग्यसेवकही बोलला. ती ऐकत होती आणि मुलीच्या केसांतून बोटं फिरवत होती. तिला सगळं समजलं होतं. होणाऱ्या पोरासाठी ही तीन पोरं पेटीतून काढायची होती, हे तिला माझ्या आधी समजलं होतं.

शेवटी म्हणाली, "तूच खोडनार?"

"मीच."

"दुसऱ्या कुनाला देऊ नको. तू मधल्या पोराला कडंवर घेतलावतास." मग तिने तिघांची नावं घेतली, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत. जन्मल्यावर लगेच गेलेल्याचंसुद्धा नाव होतं, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मला ती तिच्यामागून म्हणायला लावली. ती नावं मी इथे लिहीत नाही. निघताना ती वाडीच्या कडेपर्यंत आली आणि म्हणाली, "खोडशील तवा हलक्या हातानं खोड."

मी पळसदरीहून तशीच कारखान्यावर गेले. संध्याकाळ होत आली होती, मुली घरी गेल्या होत्या. साहेब थांबले होते. आल्या आल्या त्यांनी सांगितलं की त्यांनी सगळी यादी रोखली आहे आणि ती सोय काढून टाकली आहे. आता यंत्र नुसता आकडा घेणार नाही, आणि सगळे कागद पुन्हा वाडीवाडीत जाणार. त्यासाठी त्यांनी वरच्यांची पुष्कळ बोलणी खाल्ली होती, ते मला नंतर कळलं. मी मान हलवली. मला भांडायचं नव्हतं.

मी पडद्यावर तिची ओळ काढली. हिरव्या अक्षरांत तिचं नाव, नवऱ्याचं नाव, वाडी, चार. हलक्या हाताने कसं खोडायचं? कळ दाबायची, एवढंच असतं. मी कळीवर बोट ठेवून बसले आणि तिघांची नावं मनात घेतली. मग चार काढला आणि एक लिहिला. यंत्राने या वेळी विचारलं, एक काय? मी लिहिलं, हयात मुलं. त्याने ते घेतलं. साहेबांनी मागून विचारलं, "झालं?" मी झालं म्हणाले आणि टेबलावर डोकं ठेवून रडले.

मावशी पुढच्या बाजाराला आली, त्याच्या पुढच्यालाही आली. पुढे तिला मुलगा झाला आणि तो जगला. आई म्हणायची, तू त्या बाईचं भलं केलंस. केलं असेन. पण त्या तीन पोरांना जिवंत धरणारं त्यांच्या आईखेरीज या जगात एकच काही होतं, ते यंत्र, आणि ते मी दुरुस्त केलं.